वीतभर नाळ

पाणीगेटच्या प्रसूतिगृहाच्या जिन्यात प्रेमला शितोळे बर्फाचा डबा घेऊन उभी होती. सकाळचे साडेदहा. बाळ होऊन वीस मिनिटं झाली, नाळ अजून आतच, ट्रेमध्ये. तासाभरात बर्फावर गेली नाही तर उपयोग नाही.

तिचे पणजोबा संस्थानाच्या पलटणीत शिपाई. ही छाणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस. बावीस वर्षं काचा धुतल्या, आता नाळा आणते. नाळेतल्या शिरेचं आतलं अस्तर सोडवून तिथल्या संशोधक योगिनी मॅडम त्याच्या पेशी वाढवतात. मग परगावच्या यंत्रात त्यांच्यावर अंतराळातल्यासारख्या किरणांचा मारा होतो. लांबच्या सफरीवर माणसाच्या रक्तवाहिन्या कितपत टिकतील, ते बघायचं. गेल्या तीन खेपांच्या पेशींना बुरशी धरली. यंत्राची तारीख दहा दिवसांवर आलेली. आजची हुकली की वर्षाचं काम बुडालं.

बाळंतिणीनं, अवंतीनं, नाळ द्यायला सही दिली होती. पण तिच्या सासूबाई, कौशल्याबाई, दारात आडव्या उभ्या.

"आमच्यात नाळ पुरतात. देत नाही जा!"

"बा, सही थई गई छे," नर्स म्हणाली. मग प्रेमलाच्या कानाशी लागली, "मागच्या दारानं नीकळी जाव ने, प्रेमलाबेन."

कागद प्रेमलाच्या बाजूचा होता. तरी ती कौशल्याबाईंकडेच वळली.

"मावशी, पुरणार कुठं? तिसऱ्या माळ्यावर राहता ना?"

"कुंडीत पुरीन! तुम्ही काय दिवे लावणार आहात तिचे?"

"शिरेच्या अस्तराला शेक देतात. किरणांचा."

कौशल्याबाईंचा आवाज एकदम उतरला. "शेक? आमच्या ह्यांना गळ्याला पस्तीस दिले. गाठ गेली. सहा वर्षांनी मानेची शीर आतून आवळली नि अर्धं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, शेकानं होतं असं कधीकधी."

"हे वर, अंतराळात जाणाऱ्यांसाठी शोधतायत, मावशी. पण शिरा सगळ्यांच्या सारख्याच."

भिंतीवरच्या घड्याळात दहा छप्पन.

"किती लागते?"

"वीतभर. चिमट्यानं न दाबलेली."

"आणि काम झाल्यावर? परत देशील?"

हो म्हटलं की सुटलं. प्रेमलानं डबा खाली ठेवला.

"नाही. जाळतात ती. नियम आहे."

नर्सनं कपाळाला हात लावला. कौशल्याबाईंनी डब्याकडे बघितलं.

"ह्यांनाही जाळलंच की," त्या म्हणाल्या. "बाकीची माझी. आणि वीत माझी धरायची, तुझी नाही."

नर्सनं ट्रे आणला. कौशल्याबाईंनी नाळेवर हात धरला. हात लहानसा, संधिवातानं वाकडा झालेला. त्यांनी बोटं ताणली, ओठ चावून आणखी ताणली.

"काप आता," त्या नर्सला म्हणाल्या. "आणि तू गं, धाव!"