रिमॅप केलेली गाडी

शेजारचे काका निवृत्त कारकून. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारे. त्यांनी जुन्या डिझेल गाडीचं इंजिन रिमॅप केलं, म्हणजे कॉम्प्युटर जोडून ताकद वाढवून घेतली, तेव्हा मी चकितच झालो.

"करमाळ्याला जाताना उसाचा ट्रॅक्टर एका दमात मागं पडतो की!" ते सांगत.

चार महिन्यांत क्लच जळाला. मी सोबत गॅरेजात गेलो. मेकॅनिक म्हणाला, "काका, एवढी ताकद क्लचला झेपत न्हाय. उद्या टर्बो जाईल. पहिल्यासारखं करून देतो."

"क्लच नवा टाक. बाकी हात लावायचा न्हाय. लेक, जावई, डॉक्टर, सगळे मला हळू चला म्हणतात. तू गाडीला तरी म्हणू नकोस."

गाडी मिळाली त्या दिवशी शहराबाहेर येताच काकांनी पाय दाबला. मी पट्टा घट्ट धरला आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसतो का ते बघू लागलो.