अस्वल बोर्डापुढं

"बळवंता, आरं ह्या मशिनला हात कुणी लावला?"

"म्या लावला की, तात्या. बघा कसं लख्ख झालंय. तोंड दिसतंय त्यात."

"तुझं तोंड बघायला मशीन हाय व्हय रं? आतनं बी घासलंस?"

"आतनं बी, भाईरनं बी. सायबाचं बोर्ड यायचं म्हटल्यावर मळकं मशीन उभं करायचं काय? काल सांच्यापातुर घासत हुतो. पितळंच्या पॉलिशचा आख्खा डबा रिता केला."

खंडेरावानं मशिनचं झाकण उघडलं, आत करंगळी फिरवली आणि बोट उजेडात धरलं. बोटाला पांढरी भुकटी. हळद लावल्यागत बोटभर, फक्त रंग पांढरा.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बोर्ड दहाला यायचं होतं.

दिल्ली छावणीतली पलटणीची सिनेमा शेड. साल शहाऐंशी, मार्चचा शेवटचा आठवडा. वर सिमेंटचे पत्रे, खिडक्यांना काळी घोंगडी, आणि दर दहा मिनिटांनी डोक्यावरनं पालमचं विमान. ह्या शेडीत खंडेराव वीस वर्षं प्रोजेक्टर चालवत होता. आधी वर्दीत हवालदार म्हणून, आणि पेन्शन घेतल्यावर धोतर-कुर्त्यावर, साधा ऑपरेटर म्हणून. माणदेशातला गडी. दिल्लीत उभी हयात काढली, पण जिभेवरचं माणदेश काही उतरलं नाही. त्याची पोरं बाहेर हिंदीत बोलायची, घरात मास्तरासारखी पुस्तकी मराठी, खंडेराव मात्र करोल बागेतल्या भंगारवाल्या सरदारजीशीसुद्धा आधी "काय म्हंतूस गा?" करायचा आणि मग हिंदीवर यायचा. त्याच्याकडनंच तो मशिनचे पट्टे आणि दिवे आणत असे.

फौजेत वस्तू आपली आपण मरत नाही. फाटकं घोंगडं असो की चेपलेलं पातेलं, तिच्यासाठी तीन जणांचं बोर्ड बसतं. बोर्डानं बघायचं, ठोकायचं, आणि ठरवायचं: चालू, दुरुस्तीयोग्य, का बाद. बाद झाली, की ती ज्याच्या ताब्यात असेल त्यानंच बोर्डाच्या डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं फोडायची. म्हणजे पुढं ती बाजारात विकायला जायला नको. आजची कुऱ्हाड सकाळीच कोठीतनं आली होती. दाराशी टेकवून ठेवलेली. तिलासुद्धा बळवंतानं पॉलिश मारलं होतं.

आणि आजच्या यादीत तिसऱ्या ओळीवर होतं: कार्टून फिल्म, काळी-पांढरी, एक नग.

तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कुठल्याशा वकिलातीनं सामान आवरताना फौजेला दिलेली. नावाचा सुरुवातीचा तुकडा केव्हाच झिजून गेला होता. नऊ मिनिटांची गोष्ट: एक अस्वल रेल्वेच्या फाटकावर रखवालदार, आणि एका बदकिणीला रूळ ओलांडायचाय. बस, एवढंच. अस्वल फाटक लावतं, बदकीण खालनं जाते. अस्वल खाली फळी ठोकतं, ती वरनं जाते. पासष्टच्या लढाईनंतर ही फिल्म आली तेव्हाच तिच्या आवाजाची पट्टी घासून गेलेली. भोंग्यातनं पापड भाजल्यागत नुसती चरचर. म्हणून खंडेरावानं भोंगा बंद केला आणि मशिनपाशी उभं राहून स्वतःच बोलायला लागला. अस्वलाला त्यानं सुभेदार केलं. बदकिणीचं नाव ठेवलं ठकी, आपल्या बायकोच्या नावावरनं. ठकूबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ठेवलं तर ठेवलं, पण तिला जरा शानी दावा."

रविवारी सकाळी जवानांच्या क्वार्टरांच्या लाइनीतली सगळी पोरं शेडीत. "आरं ये ठके, फाटक बंद हाय!" असं खंडेराव गरजला की पंजाबी पोरंसुद्धा त्याच्याबरोबर ओरडायची. ती पोरं मोठी झाली, बदल्या होऊन गेली, त्यांच्या जागी दुसरी आली. आता मेसमध्ये रंगीत टीव्ही आलेला, व्हिडिओ आलेला. तरी रविवारी शेड भरायची. खंडेरावाला मनातनं पक्कं ठाऊक होतं की ही गर्दी त्याच्या जिभेची. चित्र काय, कुणीबी काढतंय.

फिल्म मात्र म्हातारी झाली होती. आखडलेली, आंबूस वासाची. तिच्या काठची बारीक भोकं, ज्यात मशिनची नखं अडकून ती पुढं ओढली जाते, ती ताणून ताणून कमजोर झालेली. अशी फिल्म दिव्यासमोरच्या अरुंद फटीतनं, म्हणजे गेटातनं, लोण्यासारखी सरकायला पाहिजे. तिथं जरा अडली की नखं भोकं फाडणार. आणि बळवंतानं नेमकं तिथंच पॉलिश भरून ठेवलं होतं.

"आता काय रं करू तुला?" खंडेराव म्हणाला.

"तात्या, म्या आपलं... इन्स्पेक्शनला समदंच चमकीवत्यात नव्हं."

"चमकव की! तुझं बूट चमकव, बक्कल चमकव, टक्कल चमकव! हे मशीन तुझ्या बापाचं भगुणं हाय व्हय?"

बळवंत चाळिशीचा हवालदार. पुढच्या महिन्यात त्याचं नायब सुभेदाराचं प्रमोशन होणार होतं. खंडेरावानं कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, आणि काडीला गुंडाळून गेट पुसायला लागला. एक काडी काळी, दुसरी पांढरी, तिसरी पांढरीच. भुकटी स्प्रिंगच्या मागं जाऊन बसली होती. स्प्रिंग काढायची तर अर्धा तास पाहिजे.

पावणेदहा. पाच कमी दहा. बाहेर जीप थांबली.

मेजर नेगी बोर्डाचे प्रमुख. गढवालचा माणूस, बोलणं कमी, घड्याळाकडं बघणं जास्त. त्यांच्या मागं एक लेफ्टनंट, एक सुभेदार, आणि लिहायला क्लार्क सूर्यकांत. सूर्यकांत पुण्याचा. नियमाचं पुस्तक तोंडपाठ.

"चाचणीत एकदा जरी तुटली, तर बाद," सूर्यकांतनं खुर्चीवर बसता बसता खंडेरावाला सांगितलं. "मागाहून म्हणू नका हं काका, की सांगितलं नाही."

"न्हाई म्हणत, बाबा. तू लिही तुझं."

"चलो," मेजर म्हणाले. "पहले फिल्म।"

दार लावलं. अंधार झाला. खंडेरावानं देवाचं नाव घेतलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. उजव्या हातानं बटण दाबलं आणि डाव्या हाताची तर्जनी गेटाखाली फिल्मचा जो सैल वळसा असतो त्यावर टेकवली. हा वळसा राहिला तर फिल्म राहते. तो आवळला, की गेली. बोटानं त्याला आधार द्यायचा, दाबायचं नाही, वासराच्या तोंडात बोट देतात तसं. वर दिवा तापलेला, त्याची धग नखापर्यंत.

पडद्यावर फाटक आलं. अस्वल आलं. खंडेरावानं घसा साफ केला.

"सुभेदार अस्वल ड्यूटीवर हजर हाय—"

एवढंच बोलला, आणि मशिनचा सूर बदलला. टर्रर्रच्या मधे एक टक्. मग आणखी एक. गेटात फिल्म अडखळत होती. बोलत राहिला असता तर ते टक् ऐकू आलं नसतं, आणि ऐकू आलं नसतं तर बोट कधी उचलायचं, कधी टेकवायचं, ते कळलं नसतं.

खंडेराव गप बसला.

वीस वर्षांत पहिल्यांदा ती फिल्म मुकी चालली. एक मिनिट गेलं. कुणी हसलं नाही. बदकीण फाटकाखालनं गेली, अस्वल गर्रकन वळलं, तरी शेडीत नुसतं मशीन. सूर्यकांत खोकला. लेफ्टनंटानं पाय बदलला. दाराशी कुऱ्हाडीचं पातं पडद्याच्या उजेडात मधूनच लकाकत होतं. खंडेरावाच्या पाठीवरनं घाम उतरला. बोलावं का? एक वाक्य? नुसतं "आरं ये ठके" म्हटलं तरी हसतील. टक्. टक् टक्. त्यानं जीभ दातांत धरली.

अस्वलानं फळी ठोकली. बदकीण वरनं गेली. अस्वलानं फाटकावर फाटक, त्यावर फाटक रचलं आणि वर चढून बसलं. खाली वाकून बघतंय तर बदकीण त्याच्याच शेजारी बसलेली, तीही खाली वाकून बघतेय.

"हॅ!" कुणीतरी फुटलं. बोर्डातला सुभेदार, मिशीवाला, पन्नाशीचा. त्यानं हसू गिळायचा प्रयत्न केला आणि त्याला ठसका लागला. मग लेफ्टनंट हसला. मग सामान हलवायला आणलेले, मागं उभे असलेले फटिगचे जवान.

टक्. खंडेरावाचं बोट भाजत होतं. त्यानं ते बदललं नाही.

अस्वल बदकिणीच्या मागं धावत फाटकावरनं सुटलं आणि हवेतच चालायला लागलं. एक पाऊल, दोन पावलं, तीन. खाली काही नाही. पण ते त्याला अजून कळलेलं नाही, म्हणून ते पडत नाही.

"अरे, नीचे मत देख!" मेजर नेगी मोठ्यानं म्हणाले. अस्वलाला.

अस्वलानं खाली बघितलं. शेड हादरली. सूर्यकांतसुद्धा खिदळला.

खंडेरावाला बरं वाटलं, आणि आत कुठंतरी झोंबलंही. वीस वर्षं घसा फोडला. आणि हे बेणं आपलं आपण हसवतंय! कुणी काढलं असंल ते अस्वल, कुठल्या मुलखात, कोण जाणे. त्याला ना माणदेश ठाऊक ना गढवाल. पण पडायच्या आधी माणूस कसा चालतो हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

आठवं मिनिट. अस्वलाचा पाय फाटकात अडकलेला, लांबनं गाडीचा धूर, बदकीण रुळाच्या मधोमध उभी. टक् टक् टक् टक्. बोटाखालचा वळसा सुतळीसारखा ताठ झाला.

पडदा पांढराफेक पडला.

मशीन मोकळं फिरत राहिलं. खंडेरावानं बटण बंद केलं. फिल्मचं टोक त्याच्या हातात, चार भोकं आरपार फाटलेली.

सूर्यकांतनं टोपण काढलं. "साहब, टूट गई। बाद लिखूँ?"

मेजर पडद्याकडंच बघत होते. "गाड़ी आई कि नहीं आई?"

"आती है साब," खंडेराव म्हणाला. "थोडीसी बाकी है."

"तो जोड़ो।"

"साहब, रूल में—"

"रूल मैंने भी पढ़ा है, सूर्यकांत। जोड़ो।"

खंडेरावानं फाटका तुकडा कात्रीनं कापला, टोक पात्यानं खरवडलं, चिकटवायचं द्रावण लावलं आणि सांधा दाबून धरला. मनातल्या मनात वीस आकडे. कोपर त्यानं मशिनला टेकवलं. तेवढ्यात दुसऱ्या हातानं गेट उघडलं आणि अंगठ्याच्या नखानं आतलं खरवडलं. भुकटीचा गोळा निघाला, हरभऱ्याएवढा. तो त्यानं मुठीत घेतला.

मशीन सुरू झालं. गाडी आली. गाडी सगळी बदकांनी भरलेली. बदकिणीनं अस्वलाची टोपी घातली, शिट्टी फुंकली आणि फाटक उघडलं. अस्वल फाटकाबरोबर वर गेलं, ते वरच राहिलं. संपलं.

दिवे लागले. सुभेदार डोळे पुसत होता. मेजर नेगी उठून मशिनपाशी आले, फिल्मचा वास घेतला, नाक मुरडलं. चेहरा पुन्हा घड्याळवाला.

"और कितना चलेगी?"

"रोज चलावोगे तो महिना बी नहीं, साब. इतवार को एकच बार, तो दोन-तीन साल. फिर अपने आप मर जायेगी."

"टूटी क्यों? फिल्म की गलती या मशीन की?"

खंडेरावानं मान वर केली नाही. वर केली असती तर बळवंत दिसला असता, आणि बळवंताचं तोंड त्या वेळी भुकटीच्या रंगाचं झालं होतं. फिल्मची चूक म्हटलं, तर कुऱ्हाड. मशीन म्हटलं, तर ते कुणी बिघडवलं, हा पुढचा सवाल.

त्यानं मूठ उघडून गोळा दाखवला.

"मशीन की, साब. गेट में पॉलिश रह गया. मशीन मेरे ताबे में है. सफाई मेरी."

मेजरांनी गोळ्याकडं बघितलं. मग त्या चकचकीत मशिनकडं, कुऱ्हाडीकडं, आणि बळवंताच्या बुटांकडं बघितलं. सगळं एकाच हाताचं काम. ते कळलं की नाही, त्यांच्या तोंडावरनं ओळखता आलं नाही.

"फिल्म दुरुस्तीयोग्य," ते सूर्यकांतला म्हणाले. "महीने में चार शो, ज़्यादा नहीं। और ऑपरेटर को लिखित चेतावनी, लापरवाही की।"

"चेतावनी, साहब?"

"हाँ। गलती हुई है तो लिखी जाएगी।"

शेडीतल्या वीस वर्षांत खंडेरावाच्या कागदावर पहिला लाल शेरा पडला. त्यानं सही केली. बोट भाजलेलं, म्हणून सही वाकडी आली. बोर्ड तंबू बघायला निघून गेलं.

"तात्या," बळवंत म्हणाला. "म्या सांगाया पायजे हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

बळवंतानं कोपऱ्यातला पॉलिशचा रिता डबा उचलला.

"त्वांड उघडायचा वकूत गेला. आता हात चालीव. आन पान्हा घे. ती स्प्रिंग काढ, आन तिच्या मागचं पार निघंस्तवर पुसायचं. कापसानं. पॉलिशचा डबा मला पुन्यांदा ह्या शेडीत दिसला, तर त्यो तुझ्या डोस्क्यात घालीन."

"व्हय, तात्या."

खंडेरावानं अस्वलाचं रीळ उलटं गुंडाळलं, डब्यात ठेवलं, झाकण दाबलं. बाहेर रंगरूट बूट आपटत रांगेत उभे राहत होते. साडेअकराला त्यांना मलेरियाचा प्रशिक्षणपट दाखवायचा होता, चाळीस मिनिटांचा. त्यानं तो डबा काढला, भाजलेल्या बोटाला फुंकर घातली आणि फिल्मचं टोक शोधायला लागला.