स्टुलावरचा पोरगा

कार्यशाळा म्हटलं की प्राध्यापक मंडळी आधी जेवणाची वेळ विचारतात. विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाले तर त्याहून बिलंदर. मागच्या रांगेत बसून ते निवांत पेपर तपासतात. 'विद्यार्थ्यांचे चांगले मेंटॉर कसे व्हावे' या विषयात ना सूत्र ना आकृती, मग ऐकायचं तरी काय? पण रिठदचे इंद्रभान सर आले की हीच मंडळी खुर्च्या ओढून पुढे बसायची. कारण सर भाषण देत नसत. ते पोरगा व्हायचे.

वाशिमला फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला हा पांढऱ्या केसांचा माणूस लॅबमधलं एक स्टूल मागवून घ्यायचा, त्यावर खांदे पाडून बसायचा आणि समोरच्या खुर्चीवर एकेका प्राध्यापकाला बोलवायचा. मी दुसऱ्या वर्षाचा पोरगा, महिनाभर वर्गात आलो नाही, आज तुम्ही बोलावून घेतलंय, आता बोला, असं सांगायचा. मग सर असे अवघडत, बुटाचं टोक असं फरशीवर घासत, की हसून हसून मंडळींचं पोट दुखायचं. हा माणूस नाटकात जायचा तो चुकून फिजिक्सला आला, असं लोक म्हणत.

त्या पोराचं नाव गोलू होतं आणि तो सरांचाच मुलगा होता, हे मात्र त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

गोलू दूरच्या एका शहरात इंजिनिअरिंगला होता. तिथल्या विभागप्रमुखांनी एक दिवस त्याला केबिनमध्ये बोलावलं, आणि त्या संध्याकाळी पोरगा होस्टेलवरून जो गेला तो गेलाच. पोलीस झाले, पेपरात फोटो देऊन झाला, काही वर्षंही उलटली. त्याची आई सोजरबाई अजून पोहरादेवीच्या यात्रेला जाते, पण देवीकडे कमी आणि गर्दीतल्या तोंडांकडे जास्त बघते.

केबिनच्या दाराशी गोलूचा दोस्त करण उभा होता. आतलं बोलणं त्यानं सरांना शब्दन् शब्द सांगितलं. माझ्याच्यानं होत नाही, असं गोलू म्हणाला. हजेरी कमी आहे, वडिलांना घेऊन ये, असं विभागप्रमुख म्हणाले. बस, एवढंच. तेव्हापासून सरांच्या मनानं घेतलं, की त्या खुर्चीत दुसरा कोणी असता, नेमकं वाक्य बोलला असता, तर आपलं लेकरू थांबलं असतं. ते वाक्य शोधायलाच ते कॉलेजं पालथी घालत होते. याला कोणी वेड म्हणेल. म्हणू दे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सोजरबाई एकदा बोलली होती, "किती खेपा त्याले त्या स्टुलावर बसवता? उठू द्या ना आता लेकराले." सर बॅग भरत राहिले.

मागच्या थंडीत वाशिमजवळच्या एका कॉलेजात असाच खेळ रंगला होता. एका सरांनी पोराला स्वतःच्या गरिबीची कहाणी ऐकवली. दुसऱ्यांनी वेळापत्रक आखून दिलं. तिसऱ्यांनी पाठ थोपटून 'टेन्शन घेऊ नको' म्हटलं आणि टाळ्या मिळवल्या. स्टुलावरचा पोरगा दर वेळी 'हो सर' म्हणाला, उठला आणि दाराकडे चालू लागला.

मग सिव्हिल शिकवणारी योगिनी खुर्चीत येऊन बसली. नोकरीला नुकतीच लागलेली, जरा बुजरीच.

"म्याडम, माह्याच्यानं नाही होऊन राह्यलं."

"बरं," ती म्हणाली. "मग आता इथून कुठं जाशील?"

सर गडबडले. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि करणच्या सांगण्यात याचं उत्तर नव्हतं. पण इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून बसून पोरगा त्यांच्यात मुरला होता. उत्तर आपसूक आलं.

"घरी जावं वाटते."

"मग जा ना."

"नाही जमत. बाबा फिजिक्सचे सर हायेत."

सभागृहात हशा पिकला. योगिनी हसली नाही. बाबा रागावतील का, असं तिनं विचारलं.

"रागवत नाहीत ते. रागवले असते त बरं झालं असतं. लोकाइच्या पोराइसंग दोन दोन घंटे बोलतात. घरी आले का मुकाट्यानं जेवतात."

बोलून झालं आणि मग सरांना ते ऐकू आलं. केबिनमधल्या त्या माणसाला त्यांनी एवढी वर्षं शिव्या घातल्या होत्या. पण केबिनमधून निघालेल्या पोराला रिठदची वाट मोकळी होती, गाडी होती, आई होती. तो तिकडे का वळला नाही, हे त्यांनी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं. काळीज फाटणं म्हणतात ते हेच.

योगिनीला वाटलं, पोरगा थांबलाय, आपण पुढं बोलावं. "बाबांचा नंबर दे मला," ती म्हणाली. "आधी मी त्यांच्याशी बोलते."

"बोला, म्याडम," सर म्हणाले. हा आवाज पोराचा नव्हता. "त्याचा बाप मीच हाय. त्याले घरी ये म्हणा. मी बोलीन त्याच्यासंग."

मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या एकेक करत थांबल्या. योगिनीनं खुर्ची पुढं ओढून सरांचे हात धरले आणि 'सांगते, सर' म्हणाली. पण सांगणार कोणाला?