पिशवीच्या तळाचं कुंकू

माझा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात गेला की मला एका जागी बसवत नाही. आता त्याचं कोणाला काही वाटत नाही, सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे. पण छोट्या कॅसेटवर चालणारा तो व्हिडिओ कॅमेरा मी नोकरीला लागल्यावर घेतला आणि तळहाताच्या फोडासारखा जपला. पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय पिशवीतून बाहेर काढायचा नाही. काचेला बोट लावायचं नाही. धूळ ब्रशने झटकायची, तोंडाने फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीत थुंकी असते. काम झालं की बॅटरी काढून ठेवायची. मी शिक्षक, माझी शाळा वेल्ह्याच्या बाजूला. तिकडे पावसाळ्यात कातडी चपलेला बुरशी धरते, तिथे काचेची काय कथा. त्या दिवसांत कॅमेरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत राहायचा. एकदा आईने त्या डब्यात उन्हात वाळवलेले तांदूळ भरून दिले. तांदळाची भुकटी आत जाते, असं म्हणून मी ते तिच्यासमोरच परातीत ओतले.

आई भोरच्या घरात हे सगळं मुकाट बघायची. कॅमेऱ्यावरून मी तिला जेवढं ऐकवलं तेवढं आयुष्यात कोणाला ऐकवलं नसेल.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे त्यांचे पाने, आईची विळी, कोयता असं सगळं धुऊन पाटावर मांडलं जायचं. एका वर्षी मी अंघोळीला गेलो असताना आईने त्यात कॅमेराही मांडला. कॅसेट बदलायची होती म्हणून मी त्याचं दार उघडंच ठेवून गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर काचेच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट, आणि उघड्या दारात अक्षता.

मी ओरडलो. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांच्यादेखत ओरडलो. आईला खरंच कळेना की तिचं काय चुकलं. "त्याचा डोळा त्योच न्हवं?" ती म्हणाली. "मग कुकू कुठं लावायचं?"

माझा पारा असा चढला होता की मऊ कापड शोधायचंही भान राहिलं नाही. शर्टाच्या टोकानेच काच पुसली. कुंकवाचे कण घासले गेले आणि काचेवर चरे पडले. तेव्हापासून कॅमेरा उजेडाकडे धरला की चित्रावर धूसर पट्टा यायचा, आणि दर वेळी मी तो आईच्या नावावर घालायचो. ते चरे माझ्या हाताने पडले हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कबूल करायला जीभ रेटली नाही एवढंच.

आई जाऊन या भाद्रपदात वर्ष होईल. आबांचे कान आता फार कमी झालेत. कानात यंत्र आहे, पण डॉक्टर म्हणाले की अजून थोडे दिवस त्याचा उपयोग, पुढचं सांगता येत नाही. परवा जेवताना आबा एकाएकी म्हणाले, "माज्या निरोपाच्या कारेक्रमात ती बोलली व्हती. येकदा ऐकव मला. कान पार बंद व्हायच्या आत."

आईचा आवाज असलेली तेवढी एकच कॅसेट आहे, आणि ती चालणार फक्त त्या कॅमेऱ्यात. तो कित्येक वर्षं मी उघडला नव्हता. मोबाईलवर उतरवून ठेवू, असं दर सुट्टीत ठरवायचो आणि राहून जायचं. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने कॅमेरा साफ करून चालू करून दिला. कॅसेटही ठेवून जा, मी उतरवून देतो, असं तो म्हणाला. मी कॅसेट त्याच्या हातात दिलीसुद्धा नाही. तेव्हा त्याने बजावलं की पावसातून नेताय, तर घरी गेल्यावर दोन तास कॅमेरा चालवू नका. आत दमटपणा असला तर फीत फिरत्या चक्राला चिकटते, आणि एकदा का चिकटून चुरगळली की संपलं.

एसटीत पिशवी मांडीवर, तिच्यावर रेनकोट, रेनकोटवर माझे दोन्ही हात. तरी उतरेपर्यंत पिशवी भिजलीच. घरी आलो तर आबा धुतलेला सदरा घालून, कानात यंत्र बसवून टीव्हीसमोर तयार. टीव्ही बंदच होता. त्यांना दोन तास थांबायचं मोठ्याने तीनदा समजावावं लागलं. मी खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. बायकोला म्हटलं, कुकर लावू नकोस, वाफ होते. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुकर लावला. दर शिट्टीला मी पिशवी स्वयंपाकघरापासून आणखी लांब सरकवली.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून कॅमेरा आणि कॅसेट कोरड्या पंच्यावर काढून ठेवली आणि रिकामी पिशवी पुसायला घेतली. फडकं लाल झालं. हात कापला की काय म्हणून बोटं बघितली. मग पिशवी उलटी केली. काळ्या तळावर वाळलेल्या कुंकवाचे ठिपके होते, ओळीने. पावसाने ते ओले झाले होते. पिशवीचा तळ मी इतक्या वर्षांत कधी बघितलाच नव्हता.

आबांपुढे पिशवी धरली. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "दर खंडेनवमीला लावायची," ते म्हणाले. "तुला दिसंल म्हून खालनं. म्हनायची, आतल्याला पोचतंय."

उरलेला वेळ कसा गेला मला सांगता येणार नाही. दोन तास झाले, वायर टीव्हीला जोडली, आधी एक नको असलेली कॅसेट चालवून बघितली आणि मग आईची लावली. बटण दाबलं.

चित्र आलं. डेपोतला मांडव, आबांच्या गळ्यात हार. मग आई, हिरव्या लुगड्यात, कॅमेऱ्याच्या दिशेने येत होती. तेवढ्यात आवाज आला तो माझा, जवळून आणि मोठा: "मागं हो. अजून मागं. धक्का लागेल." ती मागे गेली. मी पुन्हा म्हटलं, ती आणखी मागे सरकली, पार भिंतीला टेकेपर्यंत. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. कॅमेऱ्याचा माईक कॅमेऱ्यातच असतो हे मी चार लोकांना शिकवलंय. तिथून ती बोलली. ओठ हलताना दिसत होते, आणि ऐकू येत होती मांडवातल्या पंख्याची घरघर.

मी टीव्हीचा आवाज पार वाढवला. पंखाच वाढला. आबा कानातलं यंत्र बोटाने दाबून पुढे झुकले होते.

"ह्यो तर तुजाच आवाज हाय," ते म्हणाले. "तिचा कवा येनार?"

मला रडू आवरलं नाही. एकदाच चालवायची म्हणून ठरवलेली ती कॅसेट मी मागे घेतली, टीव्हीला कान लावला, पुन्हा मागे घेतली. चौथ्या खेपेला शब्द लागले. तेव्हा आबांच्या कानाशी तोंड नेऊन मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"आई म्हणतीय, आता येळंवर जेवायचं. डब्यातली गार भाकरी लई खाल्ली तुमी."

आबांनी मान हलवली. ते पडद्याकडे, भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तिला म्हन की, जरा म्होरं ये."