साइड डोअर

सिएटलमधल्या त्या जुन्या पबवर माझा भारी जीव. भिंतींना पार छतापर्यंत हिरव्या टाइल्स, खाली काळ्या-पांढऱ्या षटकोनी फरशा. बिअर आपली बरी. रेडमंडहून बसने जायचं, एक ग्लास घ्यायचा, परत यायचं. आई इकडे आली तेव्हा तिलाही तिथेच घेऊन गेले. आईंना पबमध्ये कुठे नेतेस, म्हणून नवरा कुरकुरला. म्हटलं, पबमध्येच.

खरं तर मी धुमसत होते. आदल्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाबा गेल्यानंतर आईचं हे पहिलंच अमेरिकेत येणं. तिळाचे लाडू तिने वळले, वाण तिने बांधलं, आणि पहिली बेल वाजताच बाई स्वयंपाकघरात गेली ती शेवटची पाहुणी निघेपर्यंत बाहेर आली नाही. मी कुंकू घेऊन आत गेले तर तिने माझा हात वरच्या वर धरला. माझ्या घरात, माझ्या आईने लपून बसायचं! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पबमध्ये शिरल्यावर आईने आधी टाइल्सवरून हात फिरवला आणि पुसायला सोप्या आहेत म्हणाली. बिनदारूची जिंजर एल मागवली. मग तिला प्रश्न पडला, पुढचा दरवाजा बुजवलाय कशाला? काउंटरवरच्या बाईने सांगितलं ते मी तिला मराठीत सांगितलं. पूर्वी बायकांना पुढून यायला बंदी होती. त्यांनी गल्लीतल्या दाराने यायचं आणि मागच्या खोलीत बसायचं. मालक वारला, पब त्याच्या बायकोकडे आला. ती कुणाशी भांडली नाही. गवंडी बोलावला आणि पुढचं दार विटांनी बंद करून टाकलं. आता या सगळे गल्लीतून! पबचं नाव तेव्हापासून ‘साइड डोअर’.

"खमकी होती हो," आई म्हणाली आणि पुन्हा त्या विटांकडे बघू लागली. मी लेक्चर द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

चैत्रात पुन्हा हळदीकुंकू केलं. बेल वाजली, आई आत गेली. झालं, पुन्हा तेच, असं म्हणून मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिने दारातून सगळ्यांना हाक मारली. गौर ओट्यावर मांडली आहे, कैरीची डाळ आणि पन्हंही आतच आहे, तेव्हा सगळ्यांनी आत यायचं. पैठण्या नेसलेल्या बायका फ्रिज आणि डिशवॉशरच्या मधे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. हॉल एवढा मोठा आहे काकू, असं कुणीतरी म्हणालं. आई म्हणाली, इथेच बरं आहे.

मी एकेकीला कुंकू लावत आईपाशी आले आणि माझा हात थांबला.

आई पदर सावरून पुढे झाली.

"थांबलीस का? लाव."