दोन्ही पायांवरचं निशाण

सामान मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं: काचेच्या नळ्या, कापूस, स्पिरिट, चिमटा, भिंग. धाकट्या भावाच्या विसराळूपणाला उतारा म्हणून प्रत्येक वस्तू दोन-दोन घेतली. मी चाळिशी गाठलेली, शहापूरच्या शाळेत शिकवणारी. तो मुंबईच्या कॉलेजात माश्यांवर संशोधन करणारा. डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर बैलगाडीतून उतरलो तेव्हा त्याची सुटी संपत आली होती, आणि मुदतही.

माशी घरातली नव्हे. ओढ्याकाठच्या ओल्या चिखलावर उभी राहणारी, लांब पायांची, हिरवी चकाकणारी, तिळाहून थोडी मोठी. नराच्या पोटाचं टोक खाली दुमडून पुढे वळलेलं असतं, त्यावरून नर ओळखायचा. या जातीच्या नराच्या मधल्या पायांचं शेवटचं पेर मात्र चपटं आणि पांढरं, काठीला लावलेल्या निशाणासारखं. मादीला खूण करायला ते असतं, असं भावाचं म्हणणं. पण मागच्या वर्षी त्याने नेलेल्या एकुलत्या नराचा एक मधला पाय माश्या धरायच्या जाळ्यात तुटला होता. त्याचे प्राध्यापक म्हणाले, "एका पायावर आहे ती विकृती. सुटी संपेपर्यंत दोन्ही पायांवर दाखव, नाहीतर विषय सोड." विषय सुटला की शिष्यवृत्ती सुटणार होती. वडिलांनी तर त्याच्यासाठी एका कचेरीत कारकुनीचा शब्दही टाकून ठेवला होता.

ओढा आटून एकच डोह उरला होता. ज्यांच्या ओटीवर उतरलो त्या घरच्या बाईंनी पाणी देतानाच सांगितलं, "उद्या आमी डोहात गेळ टाकनार. मासं वर येतील. तुमी पन खा."

गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगतात. पाऊस लागण्याआधी सगळा पाडा मिळून हे करी. म्हणजे काठ तुडवला जाणार आणि माश्या उडणार. थांबता येईल का, म्हणून मी विचारलं.

"माश्या धरायला गाडी करून आलाव? आमच्या गोठ्यात ये रे दादा, पोती भरून ने." बाई हसल्या. मग भावाचा चेहरा पाहून म्हणाल्या, "एक दिस थांबू. परवा दुपारी टाकनार. मंग कोन ऐकनार नाय."

तो एक दिवस वाया गेला. काठावर वाळू, अभ्रकाचे कण, सुकलेली पानं. हरेक ठिपका पांढरा दिसे. माश्या होत्या, पण कोणती पाय हलवते आणि काय चमकतं, काही उमगेना. संध्याकाळी भावाने वैतागून जाळं मारलं. नर मिळाला, त्याचे मधले दोन्ही पाय गायब. मी जाळं काढून घेतलं.

"ताई, तुला काय कळतं यातलं?"

"तुटलेला पाय कळतो," मी म्हटलं.

सकाळी डोहावर गेलो आणि जागेवरच थबकलो. काल आम्ही बसलो होतो तो काठाचा पट्टा झाडून, शेणाने सारवलेला. गुळगुळीत, ओला, काळसर. त्यावर घरमाश्यांचा थवा. बाई कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन समाधानाने उभ्या.

"पावनं चिखलात बसतात, लोक नावं ठेवतील आमाला."

भाऊ पांढरा पडला. "संपलं," एवढंच म्हणाला. मी त्याचा दंड धरला आणि बाईंना म्हटलं, "छान केलंत." दुसरं म्हणणार काय? बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तिथेच बसलो.

ऊन चढलं तशा घरमाश्या पांगल्या. ओल्या शेणावर बारीक चिलटं जमली आणि त्यांच्या शिकारीला हिरव्या माश्या आल्या. एक मादी स्थिर बसली. तिच्यासमोर नर उतरला, मधले पाय बाजूंना उचलले, ताठ धरले, खाली घेतले. पुन्हा उचलले. त्या काळ्या सपाट जमिनीवर दोन पांढरे ठिपके लख्ख दिसत होते.

"दोन्ही," भाऊ कुजबुजला. कालचे तुटलेले पाय आठवून त्याने नळी मला दिली.

नळीची सावली पडली तर नर उडणार. मी उन्हाच्या उलट बाजूने हात नेला आणि श्वास रोखला. मादी सरकली, नर तिच्यामागे वळला, पुन्हा पाय उचलले. मी नळी टेकवली. मादी बाहेरून उडाली. नर आत.

बाईंनी भिंग मागून घेतलं. "अगो, हा तं बायकोला हात करत होता. गेली ना ती." आणि शेण लागलेला हात तोंडावर धरून हसत सुटल्या.

ठरल्याप्रमाणे दुपारी गेळ पडलं. पाड्यातली सगळी माणसं डोहात उतरली आणि सारवलेला काठ पायांखाली पुन्हा चिखल झाला. आमच्या वाट्याचे मासे पानात बांधून आले. भावाने ते पाहिलेही नाहीत. स्पिरिटमधल्या नराची नळी कापसात गुंडाळून मी मांडीवर घेतली आणि गाडीत बसले. गाडी खड्ड्यात आदळली की तो वाके, भिंग लावी.

"आहेत?" मी विचारी.

"आहेत."

शहापूर येईपर्यंत आमचं तेवढंच बोलणं झालं.