शटरिंगचा सुतार

रत्नागिरीजवळच्या खाडीवर होड्या बांधणारा जहूर १९७८ साली कतारला आला, तो 'शटरिंग कार्पेंटर' म्हणून. काँक्रीट ओतायचा लाकडी साचा कसा ठोकतात, हे त्याने कधी पाहिलंही नव्हतं. एजंट म्हणाला होता, "लाकूडच ना? जमेल."

तिसऱ्याच दिवशी फोरमन कुरियनने त्याला एका खांबाचा साचा करायला सांगितला. "दुपारी काँक्रीट येईल. साचा फुटला तर खलास, परवाच्या विमानाने घरी."

शेजारच्या सुतारांचं बघून जहूरने चौकट उभी केली, आडव्या पट्ट्या आवळल्या. पण फळ्यांमधल्या फटी त्याला बघवेनात. होडीला अशी फट म्हणजे माणूस बुडालाच. त्याने रंधा मागून घेतला आणि फळीला फळी अशी भिडवली की नख शिरेना. बाकीच्यांचे तीन साचे झाले, तरी याचा एकच चालला होता. कुरियन दोनदा घड्याळ दाखवून गेला.

काँक्रीट पडू लागलं तसा साचा करकरला. जहूर श्वास रोखून फळ्या चाचपत राहिला. शेजारच्या खांबांतून सिमेंटचं पाणी गळत होतं; याच्यातून एक थेंब आला नाही.

"तू शटरिंगवाला नाहीस," कुरियन म्हणाला.

"नाही साहेब. होड्या बांधतो."

कुरियनने फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "उद्यापासून पाण्याच्या टाक्यांवर ये. आणि जरा हात चालव."

तिथे जहूर बारा वर्षं टिकला. बायकोला, रुकैयाला, त्याने त्या पहिल्या खांबाचं पत्रातून कळवलं नाही. पहिल्या रजेत सांगितलं, तेव्हा ऐकतानाच तिने त्याचा हात घट्ट धरला.